सीमाभागातील शब्द : अर्थ आणि उच्चार
(लोधीखेड्याच्या निमित्ताने)

एकच शब्द दोन देशांत दोन अर्थांनी वावरतो, ही गोष्ट नवी नाही. इंग्लंडात 'कॉर्न' म्हणजे धान्य. अमेरिकेत तोच शब्द मक्याला वाहिलेला आहे. तेथे दोहोंमध्ये महासागर पसरलेला असल्याने या भेदाचे कोणास नवल वाटत नाही. परंतु जेथे दोन भाषा एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच माणसाच्या तोंडी नांदतात, तेथे हा भेद अधिक सूक्ष्म आणि, आमच्या मते, अधिक उपद्रवी होतो. कारण तेथे शब्द परका आहे अशी सूचनाच ऐकणाऱ्यास मिळत नाही.

लोधीखेडा हे असे एक गाव. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सावनेरच्या पुढे, सौसरच्या अलीकडे ते लागते. भोसल्यांच्या राज्यात आणि पुढे मध्यप्रांतात या भागाचे तोंड नागपुराकडेच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. सौसर तहसील मात्र मध्य प्रदेशातच राहिली. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौसर या तहसिली वेगळ्या काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, ही येथील जुनी वहिवाट आहे. गावाचे नावच पाहावे. हिंदी पाटीवर 'लोधीखेड़ा' असे ड-खाली टिंब देऊन लिहितात. मराठीत दोन स्वरांमधला 'ड' बहुधा तसाच निसटता उच्चारला जात असूनही त्याला निराळे चिन्ह नाही. जीभ एक, लेखणी दोन!

घरी मराठी बोलणारे मूल हिंदी शाळेत जाते तेव्हा पहिली अडचण 'शिक्षा' या शब्दाची. 'शिक्षा विभाग' ही अक्षरे वाचून हे शासनाचे दंड देणारे खाते असावे असे त्याला वाटले, तर त्याला हसण्याचे कारण नाही. मुळात शिक्षा म्हणजे शिकणे. सहा वेदांगांपैकी उच्चारशास्त्राचे नावही शिक्षा असेच आहे. मराठीने शिकण्यासाठी 'शिक्षण' घेतले आणि 'शिक्षे'च्या हाती छडी दिली. 'सही'चेही तसेच. हिंदीत 'इसे सही करो' म्हणजे हे दुरुस्त कर. मराठी पालकास 'सही करा' म्हणजे नाव लिहा. अरबीतील मूळ अर्थ 'बिनचूक' असा आहे, आणि लेख बिनचूक असल्याची खूण म्हणून अधिकारी जे लिही तेच पुढे मराठीत स्वाक्षरीचे नाव झाले.

यांपैकी सर्वांत जड शब्द 'राजीनामा' होय. फार्सीत त्याचा सरळ अर्थ संमतिपत्र. हिंदी प्रदेशातील न्यायालयांत वादी-प्रतिवादींनी आपसात तडजोड केली म्हणजे 'राजीनामा हो गया' असे म्हणतात. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी वा पद सोडल्याचा लेख. जुन्या मुंबई इलाख्यात जमिनीवरचा कबजा सोडून देताना खातेदार जो लेख करून देई त्यालाही राजीनामाच म्हणत. संमतीपासून त्यागापर्यंतचा प्रवास या वाटेने झाला असावा, असा आमचा तर्क आहे. नागपुरास नोकरी असलेल्या माणसाने सौसरच्या न्यायालयात 'राजीनामा केला', हे वाक्य ऐकून त्याच्या घरी काय वाटेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तरीही असे विरुद्ध टोकांचे शब्द फार काळ फसवीत नाहीत. एकदा ठेच लागली की माणूस सावध होतो. खरा घोटाळा होतो तो जवळच्या अर्थांत. 'अभ्यास' हिंदीत सराव, मराठीत अध्ययन. 'हैरान' हिंदीत चकित, मराठीत 'हैराण' म्हणजे त्रासलेला. 'तकरार' हिंदीत भांडण, मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. मूळ अरबीत केवळ पुनरुक्ती. तक्रार घेऊन आलेला मराठी शेतकरी भांडावयास आला आहे असा हिंदीभाषकाचा समज झाला, तर वाक्य जुळते, प्रसंगही जुळतो, आणि चूक कोणाच्याच ध्यानात येत नाही. 'संशोधन' हा शब्द तर विद्वानांनाही चकवतो : हिंदीत संविधानाचे 'संशोधन' होते तेव्हा आपण घटनादुरुस्ती म्हणतो, आणि आपल्या संशोधनास तिकडे 'शोध' किंवा 'अनुसंधान' म्हणतात.

शेतावरचे शब्द याहून मौजेचे. सौसर-पांढुर्ण्याचा मुलूख संत्र्यांचा. येथला बागाईतदार 'आंबिया बहार' आणि 'मृग बहार' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात झाडाला येणारा फुलोरा आणि त्यावरचे फळ असते. फार्सीतून हिंदीत आलेल्या 'बहार'चा मुख्य अर्थ वसंत ऋतू. पावसाळ्याच्या तोंडी मृगात वसंत कसा, असे हिंदीच्या नवख्या शिक्षकाने विचारले तर त्याला बागेतच नेले पाहिजे.

अर्थ आणि उच्चार एकमेकांत कसे गुंततात, याचे उदाहरण पांढुर्ण्यास सापडते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव येथील लोकांत गोटमार होते. 'गोटा' आणि 'मार' हे शब्द हिंदी वृत्तपत्रांनी जसेच्या तसे घेतले आणि पुढे 'मेला' जोडला. प्रमाण हिंदीत 'ळ' नसल्याने आपला 'मेळा' तेथे 'मेला' दिसतो. आणि मराठी कानाला 'मेला' म्हणजे मृत झाला. ज्या दगडफेकीत आजवर खरोखरच माणसे दगावली आहेत, तिच्या नावात हा योगायोग यावा, हे आम्हांस विनोदाने घेता येत नाही.

उच्चारांच्या बाबतीत एक गैरसमज दूर केला पाहिजे. येथील मूल 'पाणी'ला 'पानी' म्हणते ते हिंदीमुळेच, असे पुण्यामुंबईकडील परीक्षक सहज ठरवितो. परंतु 'ण'चा 'न' आणि 'डोळा'चा 'डोया' ही वऱ्हाडी-नागपुरी बोलींची स्वतःची लकब आहे. हिंदीशी कधी संबंध न आलेल्या खेडुताच्या तोंडीही ती आढळते. ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यात या बोलींचे वर्णन आले आहे. हिंदीचा परिणाम खरा दिसतो तो इतरत्र. 'ज्ञान' हा शब्द 'ग्यान' असा वाचणे, 'कृपा'चा उच्चार 'क्रिपा' करणे, आणि विशेषतः 'चार' व 'चाक' यांतील 'च' एकच मानणे. 'जरा' म्हणजे थोडे आणि 'जरा' म्हणजे वार्धक्य, यांतील 'ज' निराळे आहेत. पण आपली लिपी ते दाखवीत नाही. आधी हिंदी वाचनमाला शिकलेल्या मुलास हा भेद पुस्तकातून कळणे अशक्य. तो शिक्षकाच्या तोंडूनच कळावयाचा.

दुसरी सीमा मराठीच्या आतच आहे. विदर्भात 'सांबार' म्हणजे कोथिंबीर; मुंबईकर तोच शब्द उच्चारून इडलीची वाट पाहील. 'गंज' म्हणजे इकडे स्वयंपाकाचे भांडे, पुण्याकडे लोखंडावरचा तांबेरा, आणि हिंदीत बाजारपेठ. 'मी जेवून राहिलो' हे वाक्य ऐकून पुणेकर समजतो की गृहस्थ जेवून मुक्कामास राहिला. वस्तुतः त्याच्या हातात अजून घास असतो. ही रचना हिंदीच्या 'खा रहा हूँ'शी जुळते हे खरे, पण म्हणून उत्तरपत्रिकेत तिच्याखाली तांबडी रेघ ओढून 'अशुद्ध' एवढेच लिहिणे आम्हांस मान्य नाही. ज्या वऱ्हाडात, ऋद्धिपुरास, 'लीळाचरित्र' सिद्ध झाले, तेथील बोलीने आपल्या मराठीपणाचा दाखला कोणापाशी मागावा? प्रमाण रूप शिकवावे, अवश्य शिकवावे. पण मुलाच्या आईचे रूप कोठले आणि हिंदी पुस्तकाचे कोठले, हे शिक्षकास आधी वेगळे करता आले पाहिजे. ते न केल्यास मूल दोन्ही भाषांत अपराधी ठरते, आणि घरची मराठी बोलावयास लाजू लागते.

आपल्या कोशांतून सीमाभागातील हे अर्थ फार तुटक नोंदले गेले आहेत. हे काम लोधीखेडा, सौसर, पांढुर्णा येथील शिक्षकांनीच करावे, असे आम्ही सुचवितो. शब्दास एक चिठ्ठी. तीवर गावाचे नाव, बोलणाऱ्याचे वय, त्याचे शाळेचे माध्यम, आणि तो शब्द ज्या वाक्यात ऐकला ते पूर्ण वाक्य, ऐकले तसेच, एकही अक्षर न सुधारता.