गोधडीची बैठक आणि मुले

जबलपूरची पौषातली थंडी चांगलीच बोचरी असते. अशा दिवसांत दुपारचे ऊन गच्चीवर आले की सतरंजी अंथरावी, जुनी लुगडी-धोतरे पसरावी आणि चार-सहा जणींनी मिळून गोधडी शिवायला बसावे, यासारखे सुख नाही. अशी एखादी बैठक डोळ्यांपुढे आणा. एक तरुण सून दीड वर्षाचे मूल कडेवर घेऊन येते. मूल खाली उतरते, सुयांच्या पुडीकडे झेपावते, दोऱ्याचे रीळ जिन्याकडे गडगडत जाते. एक वडीलधाऱ्या बाई सहज म्हणतात, “अगं, याला घरी ठेवून का नाही आलीस?” सून ओशाळते आणि पुढच्या खेपेस येत नाही.

बाईंच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता आणि सुनेचाही काही अपराध नव्हता. मग चुकले कोठे? गोधडीच्या बैठकीत आणि शिवणाच्या वर्गात मुलांना जागा असावी की नसावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या उत्तरावर ही कला पुढे कोणाच्या हाती जाणार हे अवलंबून असते.

प्रथम गोधडीकडेच पाहू. ती मुळात मुलासाठी जन्माला येते. बाळ येणार म्हटले की घरात पहिले शिवले जाते ते दुपटे, आणि तेही आजीच्या मऊसूत झालेल्या लुगड्याचे. बंगालची कांथा आणि बिहारची सुजनी यांचेही नाते नवजात बाळाशी असेच जोडलेले आहे. ज्या वस्तूचा पहिला धनी तान्हे मूल, ती घडताना मात्र मुलाने दूर असावे, हे विपरीतच नव्हे का?

शिवाय ही विद्या पुस्तकातून आलेली नाही. कापडाचे थर एकावर एक कसे बसवावे, कडेपासून टाके घालीत मध्याकडे कसे यावे, सुरकुती कोठे धरते, हे मुलींनी आईच्या गुडघ्याशी बसून पाहिले. सहा-सात वर्षांचे मूल सुई ओवून देते; आजीची नजर अधू झालेली असते, तेव्हा ती मोठीच मदत ठरते. हे काम मुलीचेच असते असेही नाही. मुलग्यालाही ते उत्तम जमते.

जबलपूरसारख्या गावी यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत हे शहर आणि नागपूर एकाच राज्यात होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. येथील मराठी घरातले मूल शाळेत आणि रस्त्यावर हिंदी बोलते. आपण जिला गोधडी म्हणतो तिला शेजारी कथरी म्हणतात. दोन्ही शब्द मुलाला यावेत हे चांगलेच. पण धावदोरा, ठिगळ, अस्तर, काठ, पदर हे शब्द त्याच्या कानी कोठे पडणार? ते पडतात अशा सतरंजीवरच. मुलाला दाराबाहेर ठेवले की भाषेचाही एक धागा तुटतो.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सुई आणि कात्री ही खेळणी नव्हेत. सतरंजीत हरवलेली सुई रांगत्या मुलाच्या हाती किंवा तोंडात जाऊ शकते. फी भरून, ठरल्या वेळी शिकायला आलेल्या स्त्रीला शिक्षिकेचे अखंड लक्ष मिळण्याचा हक्क आहे. आणि एखादी आई दिवसभर मुलांत राहून थकलेली असते. तिला तासभर स्वतःच्या मनाशी बसायचे असते. तिची ही इच्छा स्वार्थी म्हणता येत नाही.

म्हणूनच बैठक आणि वर्ग यांत भेद करावा असे मला वाटते. बैठक हे अंगण आहे. तेथे मुलांना मज्जाव नसावा. वर्ग ही शाळा आहे. तेथे रांगते मूल मांडीवर घेऊन शिकणे कोणाच्याच हिताचे नाही. परंतु वर्गाचे दार मुलाला बंद करायचे, तर मुलासाठी दुसरे दार उघडणे हे वर्ग चालवणाऱ्यांचे कर्तव्य ठरते. एरवी ‘मुले आणू नयेत’ या पाटीचा अर्थ ‘लहान मुलांच्या आयांनी येऊ नये’ असाच होतो.

हा विचार नवा नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने ५० हून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे त्यांच्या ६ वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर बंधनकारक केले. १९७६ मध्ये ही संख्या ३० वर आणली गेली. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जावे, ही दृष्टी त्यांनी दिली.

आपल्याला एवढाही खटाटोप नको. पाळीपाळीने एकीने सुई खाली ठेवून मुले सांभाळावी. त्यांना चिंध्या द्याव्या, रंग जुळवायला सांगावे. सुया मोजून काढाव्या आणि उठताना मोजूनच ठेवाव्या. कात्री उंचावर असावी. सुईला हात कोणत्या वयात लावायचा, हे सर्वांनी मिळून ठरवावे. आणि महिन्यातली एखादी बैठक केवळ मोठ्यांची असावी, म्हणजे थकलेल्या आईलाही तिचा तास मिळेल.

गोधडीत नवे कापड क्वचितच असते. विटलेले, फाटलेले, आखूड पडलेले असे सर्व तुकडे ती सामावून घेते. मात्र प्रत्येकाला त्याची जागा नेमून देते. मुलांच्या बाबतीत आपल्या बैठकीने एवढेच करावे. त्या ओशाळलेल्या सुनेला पुन्हा निरोप धाडावा, “ये, आणि बाळालाही घेऊन ये; आज त्याला सांभाळण्याची पाळी माझी आहे.”