गाणे कोणाचे, दाम कोणाचे?

१९७१ साली अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजमध्ये मालिका जिंकली आणि सुनील गावसकर यांनी त्या मालिकेत ७७४ धावा केल्या, तेव्हा त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर या गायकाने गावसकरांवर एक गाणे रचले. ‘कॅलिप्सो’ हा शब्द अनेक मराठी घरांत पोहोचला तो या गाण्याच्या निमित्ताने. काल घडलेली गोष्ट आज गाण्यात बांधून चव्हाट्यावर मांडणे, हा या गानप्रकाराचा स्वभावच आहे. मात्र असे गाणे एकदा तबकडीवर चढून बाजारात आले, की त्याचा धनी कोण, हा प्रश्न उभा राहतो. लॉर्ड इन्व्हेडर या गायकाची कारकीर्द म्हणजे या प्रश्नाचा चालताबोलता इतिहास होय.

इन्व्हेडरचे खरे नाव रूपर्ट ग्रँट. जन्म १९१४ चा. त्या काळी कार्निव्हलच्या हंगामात पोर्ट ऑफ स्पेन शहरात तंबू उभारले जात आणि तिकीट काढून आलेल्या श्रोत्यांपुढे गायक महागाईपासून सरकारी हुकुमांपर्यंत सगळ्याचा समाचार घेत. ब्रिटिश वसाहतीतील या गरीब गायकांनी ‘अटिला द हन’, ‘रोअरिंग लायन’ अशी भारदस्त नावे धारण करावीत, यातही उपहास होताच. परंतु तंबूची मिळकत हंगामापुरती. कार्निव्हल संपला की गाणे संपले आणि पैसाही संपला.

तबकडीने हे चित्र पालटेल असे वाटणे स्वाभाविक होते. त्रिनिदादच्या संगीताचे मुद्रण १९१२ साली न्यू यॉर्कमध्ये सुरू झाले. १९१४ मध्ये एक अमेरिकन कंपनी यंत्रसामग्री घेऊन खुद्द बेटावर आली. १९३४ साली पोर्ट ऑफ स्पेनमधील ध्वनिमुद्रिकांचे व्यापारी एदुआर्दो सा गोमेस यांनी अटिला आणि लायन यांना गाणी मुद्रित करण्यासाठी न्यू यॉर्कला पाठविले. तेथून या गाण्यांना देशोदेशींचे श्रोते लाभले. व्यवहार मात्र सरळ होता: गायकाला बहुधा ठोक रक्कम मिळे आणि पुढील विक्रीचा नफा कंपनीकडे व व्यापाऱ्याकडे जाई. मजूर जसा दिवसाची मजुरी घेऊन घरी जातो, तसा गायक मुद्रणगृहातून बाहेर पडे.

दुसऱ्या महायुद्धाने या व्यवहाराचे खरे स्वरूप उघड केले. १९४० च्या करारान्वये ब्रिटनने अमेरिकेकडून ५० जुन्या विनाशिका घेतल्या आणि अमेरिकेला त्रिनिदादसह अनेक ठिकाणी लष्करी तळ ९९ वर्षांच्या पट्ट्याने मिळाले. तळांबरोबर सैनिक आले, त्यांच्याबरोबर डॉलर आला, आणि त्या डॉलरने बेटावरील मजुरीचे, बाजारभावांचे आणि घराघरांतील नात्यांचे गणित विस्कटले. १९४३ च्या हंगामात इन्व्हेडरने ‘रम अँड कोका-कोला’ या गाण्यात नेमके हेच मांडले. बेटावरील स्त्रिया परक्या सैनिकांच्या पैशामागे ओढल्या जात असल्याचे ते चित्र वरवर विनोदी आणि आतून जळजळीत होते.

त्याच वर्षी मोरी अ‍ॅम्स्टरडॅम हा अमेरिकन विनोदी नट सैनिकांच्या मनोरंजनासाठी त्रिनिदादला आला. पुढे हे गाणे थोड्याफार फेरफाराने त्याच्या नावावर अमेरिकेत प्रकाशित झाले. अँड्र्यूज सिस्टर्स या लोकप्रिय भगिनीत्रयीने १९४४ मध्ये ते डेक्का कंपनीसाठी गायिले. १९४५ मध्ये ही तबकडी तब्बल दहा आठवडे खपाच्या यादीत अग्रस्थानी होती. एका बेटाची व्यथा अशी नाचगाण्याची मौज होऊन घरोघर विकली गेली, आणि ज्याने ती शब्दबद्ध केली त्याचे नाव त्या तबकडीवर नव्हते.

इन्व्हेडरच्या बाजूने उभी राहिली ती एक छोटी पुस्तिका. १९४३ च्या हंगामातील गाण्यांचे शब्द त्रिनिदादमध्ये छापले गेले होते आणि त्यांचा स्वामित्वहक्क मोहमद खान या प्रकाशकाच्या नावे होता. खान यांनी लिओ फाइस्ट या अमेरिकन प्रकाशनसंस्थेवर न्यू यॉर्कमध्ये दावा लावला व १९४७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. तंबूतील शेकडो कानांनी ऐकलेले गाणे कोणीही उचलून न्यावे. छापील कागदाला मात्र न्यायालयात वजन असते, हा यातील बोध आहे.

परंतु प्रकरण इतके एकेरी नव्हते. इन्व्हेडरने शब्द रचले खरे, पण चाल त्याची नव्हती. ती लायोनेल बेलास्को या ज्येष्ठ संगीतकाराची असल्याचा दुसरा दावा त्याच संस्थेवर झाला आणि तोही यशस्वी ठरला. तंबूच्या परंपरेत जुन्या चालीवर नवे शब्द बसविणे यात कोणालाही वावगे वाटत नसे. जिथे सारेच एकमेकांकडून घेतात आणि कोणीच श्रीमंत होत नाही, तिथे उसनवारीने कोणाचे बिघडत नाही. तीच उसनवारी हजारो मैलांवरच्या भांडवलाने केली, की तिची लूट होते. कारण मग घेणारा परत काहीच देत नाही. लोककलेतील देवघेव आणि बाजारातील अपहार यांतील सीमारेषा इथेच ओढावी लागते.

खटल्याच्या निमित्ताने न्यू यॉर्कला आलेला इन्व्हेडर पुढे तेथेच अधिक रमला. डिसेंबर १९४६ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स यांनी तेथील टाउन हॉलमध्ये भरविलेल्या मैफलीत तो गायिला. मोझेस अ‍ॅश यांच्या छोट्या कंपन्यांसाठी त्याने अनेक गाणी मुद्रित केली. त्यांपैकी एक तर १९५७ च्या लिटल रॉक येथील शाळाप्रवेशाच्या संघर्षावरचे, कृष्णवर्णीय मुलांची बाजू घेणारे होते. या तबकड्यांचा खप अँड्र्यूज भगिनींच्या तबकडीच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. पण त्यांवर आवाज त्याचा, शब्द त्याचे आणि नावही त्याचेच होते. १९६१ साली न्यू यॉर्कमध्येच त्याचे निधन झाले.

अ‍ॅश यांचा संग्रह १९८७ मध्ये स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेकडे गेला आणि २००० साली इन्व्हेडरची न्यू यॉर्कमधील गाणी पुन्हा प्रसिद्ध झाली. कलावंताची कदर व्हावी असे आपण सहज म्हणतो. कदर टाळ्यांनी होते, उपजीविका कराराने होते. गाणे रचणाऱ्याच्या हाती करार नसेल, तर त्याचे गाणे जितके गाजते तितके ते त्याच्यापासून दूर जाते. इन्व्हेडरला निदान एका पुस्तिकेचा आधार सापडला. ज्यांचे शब्द कोणी छापून ठेवले नाहीत, अशा कितीतरी गायकांची गाणी आज परक्या नावांनी गायिली जात असतील.