कोळशाचे वय आणि माळ्यावरचा घातांक

पुरातत्त्वाच्या अहवालांत 'इ.स.पू. १०००' असा आकडा दिसला की मी थबकतो. नाणे नाही, शिलालेख नाही, राजाचे नाव नाही. हाती असतो तो चुलीतल्या कोळशाचा एखादा तुकडा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी सापडलेल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळही असाच ठरला. कोळसा आपले वय सांगतो तरी कसे?

विलर्ड लिबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली ही रीत दाखवून दिली. झाड जिवंत असेतो हवेतला कार्बन-१४ घेत राहते. ते मेले की आवक थांबते आणि आतला साठा ५७३० वर्षांत निम्मा, पुढच्या तितक्याच काळात पाव होतो. समजा, आपल्या कोळशात मूळच्या ७० टक्के साठा उरला आहे. वय 'व' धरले, तर

(१/२)^(व/५७३०) = ०.७०

बेरीज वजाबाकीने उलटते, गुणाकार भागाकाराने. इथे मात्र अज्ञात 'व' घातांकात, म्हणजे वरच्या माळ्यावर जाऊन बसला आहे. त्याला खाली उतरवणारी शिडी म्हणजे लॉगॅरिथम. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ साली त्याची कोष्टके प्रसिद्ध केली, ती गणकांचे किचकट गुणाकार बेरजेवर आणण्यासाठी. घात म्हणजे एकाच संख्येचा पुन्हा पुन्हा गुणाकार. त्याची पुन्हा पुन्हा बेरीज झाली, म्हणजेच साधा गुणाकार झाला. म्हणून दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की

(व/५७३०) × लॉग ०.५ = लॉग ०.७

लॉग ०.७ म्हणजे −०.१५४९ आणि लॉग ०.५ म्हणजे −०.३०१०. भागाकारात ऋण चिन्हे जातात, ०.५१४६ उरतात. त्याला ५७३० ने गुणले की वय येते सुमारे २९५० वर्षे.

आता मोजणीत ७० ऐवजी ७१ टक्के आले असते, तर? वय सुमारे २८३० वर्षे. एका टक्क्याने चार-पाच पिढ्या इकडच्या तिकडे झाल्या! शिवाय हवेतले कार्बन-१४चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते. झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून ती दुरुस्ती करावी लागते. आणि चुलीत जुन्या वाशाचे लाकूड घातले असेल, तर वय लाकडाचे कळते, चूल पेटल्याचे नाही.

म्हणून अहवाल वाचताना मी आकड्याच्या पुढे छापलेले 'अधिक-उणे' आधी पाहतो. समीकरण अचूक सुटते. त्यात घातलेली मोजणी किती पक्की आहे, हे त्या चिन्हाजवळ कळते.