मुलासाठी जुनी क्वाड घेताना लगाम तपासा

अलिबाग, नागाव किंवा काशीदच्या किनाऱ्यावर गेलेल्यांना ही गाडी अनोळखी नाही. फुगीर टायरची चार चाके, मोटारसायकलसारखे हँडल आणि घोड्यावर मांड टाकावी तसे बसायचे आसन. पैसे मोजायचे आणि वाळूवरून एक चक्कर मारून यायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध. अमेरिकेत मात्र ही क्वाड बाइक (कागदोपत्री तिचे नाव ऑल टेरेन व्हेइकल, अर्थात एटीव्ही) घरातली वस्तू आहे. शेताचे कुंपण पाहायला, शिकारीला किंवा जंगलातल्या वाटांवर भटकायला ती वापरतात. घरात वडिलांची मोठी क्वाड असली, की मुलासाठी छोटी हवी हा हट्ट ओघाने येतो. गावाबाहेर एक-दोन एकरांच्या जागेत घर घेतलेल्या मराठी कुटुंबांतही शेजारच्या मुलाची क्वाड पाहून तो शिरतो.

नामांकित कंपनीची लहान मुलांची नवी क्वाड साधारण अडीच ते साडेतीन हजार डॉलरच्या घरात जाते. सहाव्या वर्षी घेतलेली गाडी नवव्या-दहाव्या वर्षी मुलाला तोकडी पडते. साहजिकच अशा गाड्यांचा जुना बाजार मोठा आहे. कोणाच्या तरी गॅरेजमध्ये दोन वर्षे धूळ खात पडलेली क्वाड निम्म्या किमतीत मिळत असेल, तर नव्याचा सोस करण्याचे कारण नाही. अडचण किमतीची नसून पारखीची आहे. जुनी स्कूटर घेताना आपण ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो, तो इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर पाहतो आणि भाव पाडतो. मुलांच्या क्वाडबाबत एवढ्याने भागत नाही. इंजिन उत्तम असलेली क्वाडही लहान मुलाच्या हाती देण्यास अगदी नालायक असू शकते. कारण मुलाला सांभाळणारे तिचे जे भाग असतात, नेमके तेच आधीच्या मालकाने काढून टाकलेले असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

हे भाग कोणते, हे समजण्यासाठी क्वाड कशी वळते ते आधी पाहिले पाहिजे. चार चाके असल्याने ती स्कूटरपेक्षा सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. मोटारीच्या मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल असते. त्यामुळे वळताना बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त फिरू शकते. मुलांच्या बहुतेक क्वाडमध्ये मागची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर बसवलेली असतात आणि एकाच गतीने फिरतात. अशी गाडी वळायला नाखूश असते. चालकाने वळणाच्या दिशेला अंग झोकून, आसनावरून किंचित उठून वजन सरकवले तरच ती नीट वळते. त्यातून ती उंच आणि आखूड. स्कूटर घसरली तर बहुधा बाजूला आडवी होते, क्वाड मात्र उलटते आणि अनेकदा चालकाच्या अंगावरच येते. सर्वांत छोट्या क्वाडचेही वजन शंभर किलोच्या आसपास असते. सहा वर्षांचे मूल जेमतेम वीस किलोचे! त्याने अंग झोकून झोकून किती झोकावे?

म्हणूनच 'थोडी मोठीच घेऊ, दोन वर्षे जास्त पुरेल' हा विचार येथे घातक ठरतो. शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेण्याची आपली जुनी सवय आहे आणि गणवेशापुरती ती योग्यच. क्वाड आजच्या मापाची हवी. मुलाला बंद गाडीवर बसवावे. पायठेवणीवर सरळ उभे केले, की आसन आणि त्याच्या मांड्यांचा जोड यांत तीन ते सहा इंच अंतर राहिले पाहिजे. बसल्यावर मांड्या साधारण जमिनीला समांतर असाव्यात. हँडल पूर्ण वळवले तरी दोन्ही हातांच्या मुठी सुटू नयेत, बोटे ब्रेकच्या दांडीला आणि अंगठा थ्रॉटलला सहज पोहोचावा. हे जमत नसेल तर पुढची तपासणी करण्याचे कारण नाही. विक्रेत्याचे आभार मानून परतावे. मूल हिरमुसेल हे खरे. पण त्यासाठी मुलाला सोबत नेलेच पाहिजे. वाढदिवसाला अचानक गाडी समोर उभी करण्याचा बेत मापाच्या दृष्टीने वाईट.

स्क्रू, चकती आणि दोरी

माप जमले की लगामाकडे वळावे. क्वाडचा थ्रॉटल मुठीने पिळायचा नसतो, अंगठ्याने दाबायचा असतो. त्याच्या डबीवर एक छोटा स्क्रू असतो. तो आत फिरवला की थ्रॉटल ठरावीक मर्यादेपुढे दाबलाच जात नाही. काही गाड्यांत याच्या जोडीला धूर बाहेर टाकणाऱ्या नळीत अरुंद छिद्राची चकती बसवलेली असते, तर काहींत वेगावर इलेक्ट्रॉनिक बंधन असते. अमेरिकी मानकानुसार सहा वर्षांवरील मुलांसाठीची क्वाड दुकानातून बाहेर पडते तेव्हा तिचा वेग ताशी १० मैलांवर (सुमारे १६ किलोमीटर) रोखलेला असतो आणि बंधने सैल केली तरी ती १५ मैलांपुढे (सुमारे २४ किलोमीटर) जाऊ नये, अशी तिची घडण असते. दहा वर्षांवरील मुलांच्या गाडीसाठी हेच आकडे १५ आणि ३० मैल आहेत. मुलाचा हात बसेल तसा पालकांनी स्क्रू थोडा थोडा सैल करावा, ही त्यामागची कल्पना.

जुन्या गाडीत हा प्रवास उलटा झालेला असतो. आधीचा मुलगा मोठा होत गेला, त्याला वेग हवा होता, वडिलांनी आधी स्क्रू काढला, मग चकती काढली, मग हौसेने दुसरा कार्ब्युरेटर बसवला. जाहिरातीत हेच कौतुकाने सांगितलेले असते: 'बंधने काढलेली, जोरात पळते.' नवशिक्या मुलाच्या पालकांनी हे वाक्य गाडीचा दोष म्हणून वाचावे. काढलेले भाग विक्रेत्याने डब्यात जपून ठेवले असतील तर ठीक. नसतील तर मूळ भाग विकत मिळतात का, हे पाहून त्यांची किंमत आणि बसवण्याची मजुरी सौद्यातून वजा करावी. मिळत नसतील तर ती गाडी सोडावी.

तिसरा भाग दोरीचा. अनेक छोट्या क्वाडच्या मागच्या बाजूला एक खटका असतो आणि त्याला दोरी जोडता येते. मागून चालणाऱ्या पालकाने दोरी ओढली, की इंजिन बंद. जुन्या गाड्यांत ही दोरी हरवलेली असते, आणि दोरीवाचून गाडी सुरू होत नाही म्हणून कोणीतरी आतल्या तारा थेट जोडून टाकलेल्या असतात. इंजिन सुरू असताना खटका ओढून पाहावा. ते तत्क्षणी बंद पडले पाहिजे.

याहूनही महत्त्वाची एक चाचणी आहे आणि तिला अर्धा मिनिट लागतो. थ्रॉटल दाबून सोडावा. तो टक्कन जागेवर आला पाहिजे. मग हँडल पूर्ण डावीकडे, नंतर पूर्ण उजवीकडे वळवून तेच करावे. केबल गंजलेली किंवा चुकीच्या जागेवरून नेलेली असेल तर वळणावर थ्रॉटल अडकून राहतो. घाबरलेले मूल हँडल आणखी घट्ट धरते. इंजिन कितीही गोड वाजत असले तरी या चाचणीत नापास झालेली गाडी दुरुस्तीपूर्वी मुलाला देऊ नये.

पट्टीवर काय लिहिले आहे?

गाडीवर चिकटवलेल्या वयाच्या पट्टीचा अर्थ गाडी कोणत्या वर्षी बनली त्यावर अवलंबून आहे आणि जुने घेणाऱ्यांचा येथे हमखास गोंधळ होतो. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत तीन चाकांची एटीव्ही आणली; सुझुकीची चारचाकी १९८२ मध्ये आली. ऐंशीच्या दशकात, विशेषतः तीनचाकींच्या अपघातांत, इतके जीव गेले की १९८८ मध्ये तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाशी कंपन्यांना न्यायालयीन तडजोड करावी लागली. तीनचाकींची विक्री थांबली आणि इंजिनाच्या आकारावरून वय ठरू लागले: सत्तर सीसीखालील गाडी सहा वर्षांपासून, सत्तर ते नव्वद सीसीची बारा वर्षांपासून आणि त्यावरची सोळा वर्षांपासून. पुढे इंजिनाऐवजी वेगाची मर्यादा हा निकष आला आणि २००८ च्या कायद्याने ते मानक सक्तीचे केले. त्यामुळे नव्वद सीसीच्या जुन्या गाडीवर बारा वर्षे लिहिलेले दिसते, तर नंतरच्या काही गाड्यांवर दहा. सीसीचा आकडा पाहून निर्णय घेऊ नये; पट्टी वाचावी. पट्टी खरवडून काढलेली असेल तर का काढली, हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण अधिकार आहे.

त्याच कायद्याची एक विचित्र गोष्टही घडली. मुलांच्या वस्तूंतील शिशावर त्याने कडक मर्यादा घातली आणि बॅटरीची टोके, टायरचे व्हॉल्व्ह यांतील शिशामुळे २००९ च्या फेब्रुवारीत मुलांच्या क्वाड दुकानांतून काढाव्या लागल्या. बॅटरी चाटणाऱ्या मुलाची काळजी घेताना पालक मोठ्यांची क्वाड मुलाला देतील, ही भीती उभी राहिली. आयोगाने काही महिन्यांतच अंमलबजावणी स्थगित केली आणि २०११ मध्ये संसदेने या गाड्यांना सूट दिली. भीती अनाठायी नव्हती. १९८२ पासून एटीव्हीच्या अपघातांत अमेरिकेत सोळा वर्षांखालील तीन हजारांहून अधिक मुले दगावली आहेत आणि त्यांतील बहुतेक मोठ्यांच्या गाड्यांवर होती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत तर असे, की सोळा वर्षांखालील मुलाने कोणतीच एटीव्ही चालवू नये. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१० मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना, मोजके अपवाद वगळता, कायद्यानेच मनाई केली. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असल्याने गाडी पाहण्याआधी आपल्या राज्याचा नियम पाहणे इष्ट.

यंत्राची तपासणी त्या मानाने सोपी आणि ओळखीची. विक्रेत्याला इंजिन आधी तापवून ठेवू नका, असे सांगून जावे. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाले तर अर्धे काम झाले. फोर स्ट्रोक गाडीने निळा धूर सोडला तर ती ऑइल जाळते आहे. जुन्या टू स्ट्रोक गाडीला मात्र थोडा धूर माफ. एअर फिल्टर काढून पाहावा, मालकाने गाडी कशी ठेवली हे तो सांगतो. तो मातीने भरलेला असेल तर ती माती इंजिनातही गेली असणार. पुढचा भाग उचलून चाक दोन्ही हातांनी हलवावे. खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेले आहेत. मागचा भाग उचलून चाक हाताने फिरवावे. ते लहरत फिरले तर दांडा वाकला आहे. सांगाड्याचे जोड आणि हँडल न्याहाळावे. सांगाडा ओरखडलेला आणि वरचे प्लॅस्टिक कोरे करकरीत असेल, तर गाडी उलटून गेली असावी. ब्रेकसाठी गाडी ढकलत नेऊन दांडी दाबली तरी पुरते. पुढचे आणि मागचे ब्रेक वेगवेगळे पाहावेत. मोठ्या माणसाने छोट्या क्वाडवर बसून फेरी मारू नये. तिची घडण त्या वजनासाठी नसते.

हजार डॉलरच्या आत नव्या मिळणाऱ्या, फारशा परिचित नसलेल्या नावांच्या आयात गाड्याही जुन्या बाजारात येतात. अशा काही गाड्यांबाबत सुरक्षा आयोगाने वेळोवेळी इशारे दिले आहेत. कारणे तीच: वेग रोखण्याची सोय नाही, ब्रेक मानकाप्रमाणे नाहीत. शिवाय त्यांचे सुटे भाग मिळवताना नाकी नऊ येतात. वीस वर्षांची होंडा किंवा यामाहा यांच्यापेक्षा परवडते, कारण तिचा मामुली केबलही आज मिळू शकतो.

कागदांचे म्हणाल तर सांगाड्यावर ठोकलेला सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळवावा. घासून पुसलेला क्रमांक चोरीचा माल सुचवतो. एटीव्हीचे मालकीपत्र सगळ्या राज्यांत दिले जात नाही. तेथे निदान सहीचे विक्रीपत्र घ्यावे. कंपनीने त्या नमुन्याच्या गाड्या दोषापायी परत बोलावल्या होत्या का, हे सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर पाहता येते. नव्या गाडीबरोबर अनेक कंपन्या प्रशिक्षण मोफत देतात, जुनी घेणाऱ्याला त्याचे शुल्क भरावे लागते. ते आणि हेल्मेट, गॉगल, हातमोजे, घोट्यावरचे बूट यांचा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा.

महाराष्ट्रातही फार्महाउसवर मुलांना खेळायला छोट्या क्वाड घेतल्या जात आहेत. त्यांवर अमेरिकी मानकाची पट्टी असतेच असे नाही. तेव्हा स्क्रू, दोरी आणि थ्रॉटलची चाचणी येथे अधिकच आवश्यक ठरते. मोटार वाहन कायद्यातून २५ सीसीपर्यंतची वाहने वगळली आहेत, पण ती चारपेक्षा कमी चाकांची असली तरच. म्हणजे पन्नास सीसीची चार चाकांची गाडी, दिसायला खेळणे असली, तरी सुटत नाही. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा या कायद्याच्या दृष्टीने सार्वजनिक असते. त्यात गावचा रस्ता येतो, तसाच समुद्रकिनाराही. तेथे अल्पवयीन मुलाकडून गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. कुंपणाच्या आतली मोकळी, सपाट, झाडे आणि विहिरी दूर असलेली जमीन हीच मुलाच्या क्वाडची जागा. पहिल्या दिवशी स्क्रू पूर्ण आत आणि दोरी वडिलांच्या हातात.