साखरेचे ग्रॅम मोजून कर

ब्रिटनने ६ एप्रिल २०१८ पासून गोड शीतपेयांवर कर लावला तो कंपन्यांवर, आणि तोही साखर मोजून. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर काहीच नाही; ५ ग्रॅमपासून लिटरमागे १८ पेन्स, ८ ग्रॅमपासून २४ पेन्स, असा सुरुवातीचा दर. फळांचा निव्वळ रस वगळला होता.

खरी मेख वेळापत्रकात होती. घोषणा मार्च २०१६ मध्येच झाली, म्हणजे पाककृती बदलायला कंपन्यांना दोन वर्षं मिळाली. स्कॉटलंडच्या लाडक्या ‘इर्न-ब्रू’ने साखर १०.३ ग्रॅमवरून थेट ४.७ वर आणली. चाहते चिडले, काहींनी जुन्या चवीच्या बाटल्या घरात साठवल्या. मूळ कोका-कोला मात्र बदलला नाही. त्याच्या ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅम साखर, म्हणजे जवळपास नऊ चमचे.

कर वाचवण्यासाठी इतक्या कंपन्यांनी साखर उतरवली, की वर्षाला ५२ कोटी पौंडांच्या वसुलीचा मूळ अंदाज २४ कोटींवर आला. तिजोरीतली ही तूट हेच या कराचं यश मानायला हवं.

भारतात २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. दर चढाच, पण भरपूर साखरेच्या बाटलीला जो, तोच बिनसाखरेच्या ‘डाएट’ बाटलीलाही. मग साखर कमी करून कंपनीचा कर एका पैशानेही घटत नाही. आपल्याकडेही टप्पे हवेत ते यासाठी.