आगटीतला शाळू

शाळूच्या कणसातला एक दाणा काढायचा आणि अंगठ्याच्या नखाने दाबायचा. पांढरं दूध उडालं तर कणीस अजून कोवळं आहे, चिकात आहे. नख रुतलं आणि आतून ओलसर, पिठूळ गर बाहेर आला की हुरड्याला आलं. नख नुसतं घसरलं तर वेळ गेली. ते कणीस आता सुगीपर्यंत ताटावरच वाळायचं. मधल्या अवस्थेला जेमतेम आठवडाभराचं आयुष्य असतं. त्या आठवड्यात दाण्यातली साखर अजून पुरती पिठात बदललेली नसते, म्हणून हुरडा गोड लागतो. रोज थोडी थोडी ती गोडी कमी होत जाते. म्हणून ज्याच्या रानात शाळू आहे तो पौष लागला की सकाळच्या फेरीत दाणे दाबत फिरतो, आणि एक दिवस संध्याकाळी सांगावा धाडतो, ‘उद्या या.’

सांगली जिल्हा पाण्याच्या हिशोबाने तीन तुकड्यांचा आहे. पश्चिमेला शिराळ्याचा डोंगराळ, पावसाचा भाग. मध्ये कृष्णा-वारणेच्या काठची वाळवा-पलूसची उसाची पट्टी. आणि पूर्वेला मिरज तालुक्याची पूर्व बाजू, कवठेमहांकाळ, आटपाडी, जत, म्हणजे पर्जन्यछायेतला मुलूख. हुरडा या तिसऱ्या तुकड्याचा. इथल्या काळ्या, खोल रानात रब्बीची ज्वारी होते, तिला इकडे शाळूच म्हणतात. गणपती गेल्यावर, उत्तरा-हस्ताच्या पावसाची ओल धरून पेरायचा. पुढे एखादी सर आली तर देवाची कृपा, नाहीतर जमिनीच्या पोटातली ओल आणि थंडीतलं दव यांच्यावर पीक उभं राहतं. पाटाचं पाणी नाही, मोटार नाही. ज्या भागात टँकरची वाट बघण्यात उन्हाळे गेले, त्या भागाने हे पीक शेकडो वर्षं जपलं, याचं कारण एवढंच आहे की दुसरी फार थोडी धान्यं एवढ्या कमी पाण्यात माणसाला भाकरी आणि जनावराला वैरण एकाच ताटातून देतात.

मी ज्या रानात गेलो ते मिरजेच्या पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीपासून फार लांब नाही. वस्तीवर दोन घरं, गोठ्यात खिलार बैलांची जोडी आणि एक म्हैस. रानाच्या कडेने करडईच्या ओळी होत्या. काटेरी करडई शाळूभोवती लावली की मोकाट जनावर आत शिरत नाही. शिवाय कोवळेपणी भाजी मिळते आणि शेवटी तेल. मुख्य रान मालदांडीचं. बांधाकडेची चार तासं मात्र वेगळी पेरलेली होती, गूळभेंडीची. मालदांडी भाकरीला उत्तम, पण तिचा कोवळा दाणा बोंडाला धरून बसतो, चोळताना सुटत नाही. गूळभेंडीचा दाणा भाजला की अलगद मोकळा होतो, आणि गोडही जास्त. म्हणून जुनी माणसं धान्याच्या रानात चार तासं हुरड्याची धरायचीच. आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने खास हुरड्यासाठी ‘फुले उत्तरा’ आणि ‘फुले मधुर’ असे वाण दिले आहेत. ते साधारण तीन महिन्यांत हुरड्याला येतात. मालदांडीची गोष्ट याहून जुनी. आज जो एम 35-1 म्हणून ओळखला जातो तो वाण सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला 1930 च्या दशकात स्थानिक मालदांडीतूनच निवडून काढला गेला. नव्वदेक वर्षं होत आली, अनेक नवे वाण आले, तरी कोरडवाहू रानात शेतकरी अजून त्यालाच धरून आहे. इतका दीर्घ विश्वास फार थोड्या बियाण्यांच्या वाट्याला आला असेल.

आगटी सकाळीच पेटवली होती. जमिनीत हात-दीड हात रुंदीचा खड्डा, त्यात उभ्या-आडव्या रचलेल्या शेण्या. मी पोचलो तेव्हा जाळ चांगला लागला होता, आणि शहरातून आलेल्या मंडळींपैकी एकजण कणीस घेऊन पुढे सरसावला. आगटीशी बसलेल्या आजोबांनी त्याचा हात धरला. “दम धरा. आर पडू द्या. जाळात घातलं की वरनं करपतंय आन् आत कच्चं ऱ्हातंय.”

जाळ ओसरला, शेण्यांचे निखारे झाले, निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर धरला, तेव्हा त्यांनी कणसं घ्यायला सुरुवात केली. एकेक कणीस तिरकं करून आरात खुपसायचं, दांडा बाहेर. वरून काठीने थोडी गरम राख ओढायची. एका वेळी सात-आठच. जास्त घातली तर शेवटचं काढेपर्यंत पहिलं करपतं. मध्ये दांडा धरून प्रत्येक कणीस अर्धं वळवायचं. कुसळं जळून जातात, हिरव्या दाण्यावर मळकट, तपकिरी झाक येते, आणि मग एक वास सुटतो, ओल्या वैरणीचा आणि भाजक्या दाण्याचा एकत्र. आजोबा घड्याळ बघत नव्हते, कणसाकडेही फारसं बघत नव्हते. वास आला की हात जायचा. दांड्याला धरून कणीस बाहेर, दगडावर दोनदा आपटून राख झटकायची, आणि शेजारी बसलेल्या काकींकडे टाकायचं.

खरं काम तिथून पुढे. काकींच्या मांडीवर बारदानाचा तुकडा, पुढ्यात सूप. कणीस दोन तळव्यांत धरून त्या चोळू लागल्या. वरून दाबायचं, पण दाणा चिरडला जाणार नाही एवढंच. आणि फिरवताना टोकाकडून दांड्याकडे यायचं. हिरवे, वाफाळते दाणे सुपात पडत गेले. मी चोळून पाहिलं. दुसऱ्या कणसालाच तळवे सोसेनात, आणि माझ्या दाण्यांत निम्मी बोंडं तशीच राहिली. काकी एका मागोमाग एक कणसं मोकळी करत होत्या, अधूनमधून फक्त तळवे पदराला पुसत होत्या. सूप भरलं की दोन झोल देऊन पाखडायचं, भुसकट उडून जातं, उरलेलं फुंकरीने काढायचं, आणि मूठ मूठ करून वाटायचं.

“गारवलं की चिवाट हुतंय,” त्या म्हणाल्या. “हातात पडलं की तोंडात टाका, मग गप्पा मारा.”

हुरड्याची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे. तो साठवता येत नाही, करून ठेवता येत नाही, घरी नेऊन पुन्हा गरम केला तर त्यात काही उरत नाही. भाजणारा, चोळणारी आणि खाणारे यांना एकाच आगटीभोवती बसावं लागतं. एक चोळणारी किती जणांना पुरेल त्यावर बैठक किती मोठी ते ठरतं. म्हणून जुन्या पद्धतीत हुरडा भावकीचा, शेजारच्या वस्तीचा, भांगलणीला आलेल्या बायकांचा असायचा. आज याच्या रानात, चार दिवसांनी पलीकडच्याच्या. आजोबा सांगत होते, की ज्यांच्याकडे रान नाही त्यांनाही हाक मारायचीच असा रिवाज होता. न बोलावलं तर बोल लागायचा.

सोबतीला जे होतं ते सगळं चालत पोचता येईल एवढ्या अंतरातलं. शेंगदाण्याची लसूण घालून उखळात कुटलेली चटणी, जवसाची आणि कारळ्याची कोरडी चटणी, म्हशीचं दही, गुळाचे खडे, बोरं, हरभऱ्याचा डहाळा. शेवटी ताक. हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नये असं सगळ्यांनीच बजावलं. ताटल्या नव्हत्या. हुरडा ओंजळीत, चटणी शाळूच्या पानावर. उठलो तेव्हा मागे काय राहिलं ते मी मुद्दाम पाहिलं. चोळलेली कणसं दुसऱ्या दिवशीच्या आगटीसाठी बाजूला टाकली होती. भुसकट आणि डहाळ्याचा पाला म्हशीपुढे गेला. राख उकिरड्यावर, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा रानात. फेकण्यासारखं काहीच नव्हतं. शाश्वत जीवनशैलीवर जी व्याख्यानं होतात त्यांत हे सगळं सांगितलं जातं. इथे ते कुणी सांगत नव्हतं, कारण इथे दुसऱ्या तऱ्हेने हे काम होतच नाही.

हुरड्याचे असे मेळे एकट्या सांगलीत नाहीत. साताऱ्याच्या माण-खटावमध्ये आहेत, सोलापुरात तर आहेतच. तिथल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. लातूर, धाराशिव आणि सोलापूर भागात मार्गशीर्ष अमावास्येला वेळ अमावास्या होते; अख्खी गावं रानात जाऊन कडब्याच्या कोपीत पूजा मांडतात आणि भज्जी-आंबील वाटून खातात. आपल्याकडच्या भोगीच्या भाजीत आणि संक्रांतीच्या सुगडात बोरं, गाजर, हरभरा, उसाचे करवे येतात. या दिवसांत रानात जे पिकतं तेच सणाच्या पानावर येतं. स्थानिक अन्नाचा उत्सव म्हणून आज जे नव्याने मांडलं जातंय, त्याचं पंचांग आपल्याकडे आधीपासून तयार आहे.

पण शाळूचं रान आक्रसतंय, आणि त्याची कारणं वाईट नाहीत. म्हैसाळ, टेंभू, ताकारी या उपसा योजनांनी कृष्णेचं पाणी वर चढवून पूर्व भागात आणलं. ज्या पिढ्यांनी दुष्काळ भोगला त्यांच्या रानात पाणी आलं, यासारखं चांगलं काही नाही. पाणी आल्यावर द्राक्षं आली, डाळिंब आलं, ऊस आला. सांगलीच्या बेदाण्यालाही भौगोलिक मानांकन आहे. ज्या रानाला पाणी मिळालं त्यात शाळू पेरायचा हिशोब शेतकऱ्याला जुळत नाही, आणि त्याला तसा आग्रह करायचा अधिकार मला नाही.

शिवाय शाळूची काढणी अंग मोडणारी. ताट मुळापासून उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, मग बसून कणसं मोडायची. या कामाला आता माणसं मिळत नाहीत. आणि एक अडचण मला त्या रानात उभं राहिल्यावरच कळली. पूर्वी शिवारभर शाळू असायचा, तेव्हा पाखरं सगळ्यांत वाटली जायची. आता आजूबाजूला द्राक्षबागा आणि मध्ये एकच दोन एकराचं शाळूचं रान. सगळ्या शिवाराची पाखरं त्या एका रानावर उतरतात. बांधावर रिकामे डबे टांगले होते, चकचकीत पट्ट्या ताणल्या होत्या, आणि घरातला शाळकरी मुलगा सकाळी शाळेआधी गोफण घेऊन माळ्यावर चढत होता. शेजाऱ्याने शाळू सोडला की उरलेल्याची राखण दुप्पट होते, आणि मग तोही सोडतो.

हुरडा या हिशोबात थोडा फरक पाडतो. हुरड्याला किलोमागे जो भाव मिळतो तो वाळलेल्या धान्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. कणसं लवकर खुडली गेल्याने राखण वाचते, मळणी वाचते, आणि ताट हिरवं असतानाच वैरणीला मिळतं. ज्या घरात खिलार जनावर आहे तिथे ही वैरण हा मोठा आधार. आटपाडी-खरसुंडीच्या बाजारात चांगल्या बैलाला जी किंमत येते ती कडब्यावरच उभी असते. त्या वस्तीवर हुरड्याच्या चार तासांमुळे बाकीची मालदांडी टिकलीय, हे घरातल्या मोठ्या सुनेने मला स्पष्ट सांगितलं. “हुरड्याचं पैसं आलं म्हणून औंदा पेरला. न्हायतर बागंचंच चाललं हुतं.”

म्हणूनच रस्त्याकडेच्या मोठ्या ‘हुरडा पार्ट्यां’बद्दल मला काळजी वाटते. तिथे हुरडा बाहेरून पोत्यांनी येतो, यंत्राने सोलून, तव्यावर परतून वाढला जातो. शेजारी पनीरची भाजी, थर्मोकोलच्या ताटल्या आणि मोठ्या आवाजातली गाणी. ज्याने पाखरं राखली त्याच्यापर्यंत त्या पैशातला वाटा किती पोचतो हे खाणाऱ्याला कळायला काही मार्ग नसतो. कृषी पर्यटनाला माझा विरोध नाही. ते केंद्र चालवणारा स्वतः शाळू पेरत असेल तर उलट त्याच्याकडेच जावं. पण रान दिसत नसेल तर तो हुरडा नव्हे.

आणखी एक गोष्ट. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळलं. ज्वारीची बिस्किटं आली, ज्वारीचे डोसे आले, सरकारी कार्यक्रमांत श्रीअन्नाच्या थाळ्या मांडल्या गेल्या. त्याने लक्ष गेलं हे चांगलंच झालं. पण पूर्व भागातल्या घरांनी 1972 च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो खाल्लेला आहे. तोही ज्वारीचाच प्रकार. आजोबांना त्याची भाकरी अजून आठवते, आणि ती आठवण काढताना त्यांचा चेहरा बदलतो. शाळूच्या मुलखात शाळू नव्हता, त्याची ती आठवण आहे. त्यांच्या लेखी घरच्या कणगीत शाळू असणं ही आरोग्याची किंवा फॅशनची बाब नाही.

हुरडा वर्षातून एकदा खायचा आणि उरलेलं वर्ष गव्हाच्या पोळीवर काढायचं, याने शाळू टिकणार नाही. चार तासं टिकतील फार तर. बाकीचं रान टिकायचं असेल तर त्याचं धान्य विकलं गेलं पाहिजे, आणि ते घेणारी माणसं आपणच आहोत. यंदा हुरड्याला गेलात तर उठताना यजमानाला विचारा, मालदांडी किती होईल आणि सुगी कधी. मार्चमध्ये मळणी होते. तेव्हा परत जा, वर्षाचा शाळू त्याच रानातून घ्या, आणि पैसे त्याच्या हातात द्या. चार जणांच्या घरात रोज एका वेळची भाकरी धरली तरी पोतं-दीड पोतं सहज लागतं.