बोलका संगणक आणि मराठी लेखन

दृष्टिहीन लेखक संगणकापुढे बसला म्हणजे पडद्याचे काम वाणीला करावे लागते. पडदावाचक ही आज्ञावली अक्षरांचे संकेतांक टिपून वाक्‌संश्लेषकाकडे सोपविते. २००६ साली ऑस्ट्रेलियात आरंभ झालेल्या एनव्हीडीए या विनामूल्य पडदावाचकाबरोबर मिळणारा ईस्पीक हा संश्लेषक मराठीही बोलतो.

अडचण आहे ती लिपीची. अहिल्यानगर जिल्ह्यातील ‘संगमनेर’ हे नाव घ्यावे. त्यातील ‘म’ आणि अंत्य ‘र’ यांचा अकार उच्चारात लोपतो, ‘ग’चा मात्र टिकतो, लेखनात तिन्ही अक्षरे सारखीच. ‘कोपरगाव’मध्येही ‘प’चा अकार राहतो, ‘र’चा जातो. हा लोप बहुतांशी नियमबद्ध असल्याने यंत्रास शिकविता येतो. ‘जरा’ हा शब्द तसा नव्हे. ‘थोडे’ या अर्थी त्यातील ‘ज’ दंततालव्य, ‘वार्धक्य’ या अर्थी तालव्य. वाक्यार्थ उमगल्यावाचून निवड कशी करावी?

याहून बिकट प्रकार ‘दिन’ व ‘दीन’ यांचा. दोन्ही कानाला जवळजवळ एकच; म्हणजे येथे बिनचूक उच्चारच लेखनातील चूक झाकतो, आणि गुण जातात ते प्रबंध लिहिणाऱ्या अंध विद्यार्थ्याचे. त्याला बाणाच्या कळीने अक्षरामागून अक्षर ऐकत जावे लागते. तेव्हा वेलांटी पहिली की दुसरी, एवढे यंत्राने स्पष्ट सांगणे हे मधुर आवाजाहून अधिक निकडीचे आहे.